बॉनेट मळीत असताना

गाडी दुरुस्तीला कुणाकडं द्यायची, या एका प्रश्नावरून आमच्या घरात दिवाळीपासून धुसफुस चालू होती. धाकटे दीर म्हणायचे पुणे. मी म्हणायचे इंदापूर. आणि ज्यांची गाडी ते, म्हणजे माझे यजमान, पलंगावर भिंतीकडं तोंड करून पडलेले असायचे.

गाडीचं आधी सांगते, कारण सांगवीसारख्या गावात इटलीची स्पोर्ट्स गाडी आली कुठून, हे प्रत्येकजण विचारतो. आमच्या भागातल्या एका कारखान्याची यंत्रं बसवायला फार वर्षांपूर्वी एक परदेशी इंजिनिअर आला होता. जाताना तो ही गाडी इथंच टाकून गेला. दोन-तीन हात फिरून ती ह्यांच्याकडं आली तेव्हा माझं लग्न नुकतंच झालेलं. लाल रंग, दोन दारं, माणसंही दोनच बसणार, आणि इतकी बुटकी की आत बसायचं म्हणजे पाटावर बसून पाय पसरायचे. ह्यांचं बारामतीत पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान होतं. जळालेली मोटार हातात घेतली की चालू केल्याशिवाय खाली ठेवायची नाही, असा खाक्या. त्या गाडीतून आम्ही सिनेमाला जायचो तेव्हा उसाचे बैलगाडीवाले कासरा ओढून बघत उभे राहायचे. सासूबाई म्हणायच्या, "ही काय गाडी हाय व्हय? हिच्यात एक पोतं बसंना." पुढं सुटे भाग मिळेनात. गाडी गोठ्याशेजारच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली गेली. दुकान बंद केलं की आधी हिलाच हात घालणार, असं हे वर्षानुवर्षं म्हणत राहिले.

दुकान बंद झालं, पण ते अर्धांगवायूच्या झटक्यानं. उजवा हात गेला, पाय थोडा वाचला, बोलणं गेलं. समजत सगळं होतं, शब्द तेवढे बाहेर येईनात. 'हां' आणि 'नको' या दोन शब्दांवर आमचा संसार आला. व्यायाम करून घ्यायला बारामतीहून एक मुलगी यायची. सुरुवातीला ह्यांनी मुकाट केला, मग एक दिवस साफ नाकारला. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "हात सुधारायला अजून वाव आहे, बाई. पण ह्यांना काहीतरी हवंसं वाटलं पाहिजे. असेच पडून राहिले तर आहे तेही जाईल." मी सारा जन्म चौथीचा वर्ग सांभाळला. भल्याभल्या हट्टी पोरांना वठणीवर आणलं. पण ह्या माणसापुढं मी हात टेकले. रागावून झालं, रडून झालं, अबोला धरून झाला. जो बोलतच नाही त्याच्याशी अबोला धरून काय उपयोग, हे माझं मलाच उशिरा कळलं.

मग एका सकाळी त्या व्यायामाच्या मुलीनं सहज विचारलं, "काका, तुम्हाला पाहिजे तरी काय?" आणि हे स्पष्ट, खणखणीत म्हणाले, "गाडी."

कितीतरी महिन्यांनी तिसरा शब्द आला होता. मी हातातलं काम टाकून शेडमध्ये गेले, ताडपत्री ओढली आणि त्या गंजलेल्या सांगाड्याला म्हटलं, बाई गं, आता तूच काय ते बघ. मला गाडीशी काही देणंघेणं नव्हतं. मला माझा माणूस परत पाहिजे होता, आणि तो त्या गाडीत अडकलेला होता. तिचं काम बिघडलं तर तोही गेला, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं.

स्थळ बघायला निघावं तसे आम्ही दुकानं बघायला निघालो. मी, दीर, जाऊबाई, आणि गावातले एक तात्या. तात्यांना गाडीतलं ओ की ठो कळत नाही, पण आमच्या आळीतलं एकही लग्न त्यांनी माणसं बघितल्याशिवाय ठरलेलं नाही.

पुण्याच्या दुकानाला मी नावं ठेवणार नाही. दवाखान्यासारखं स्वच्छ होतं. आत जाताना चपलांवर निळ्या प्लास्टिकच्या पिशव्या चढवायला लावल्या. जुन्या गाड्या अशा चकाकत होत्या की शिंकायची भीती वाटावी. मालक तरुण, गोड बोलणारा. आमच्या गाडीचे फोटो बघून त्यानं तिची सगळी कुंडली न अडखळता सांगितली. दीर खूश. तात्यांनी विचारलं, "मूळ गाव कुठलं म्हणायचं?" उत्तर ऐकून तेही खूश. मी एकच विचारलं, की काम चालू असताना ह्यांना तिथं बसता येईल का.

"सॉरी मॅडम, वर्कशॉपमध्ये आम्ही कस्टमरला घेत नाही," तो म्हणाला. "फोटो पाठवत राहू. गाडी पूर्ण झाली की घरी आणून देऊ. साधारण दोन वर्षं धरून चाला."

मी मनात म्हटलं, बाबा रे, दोन वर्षांनी तू गाडी आणून देशील, पण तिच्यात बसायला माणूस कुठून आणशील?

दुसरं स्थळ इंदापूरच्या अलीकडं, रस्त्याला लागून. तिथल्या मिस्त्रींचं नाव जुन्या जीपगाड्यांसाठी लांबवर झालेलं. रिवाजाप्रमाणं आम्ही आधी शेजारी चौकशी केली. चहाच्या टपरीवाला म्हणाला, "माणूस सरळ हाय. कामात लबाडी न्हाय. पण जीपगाड्यांचा माणूस हाय, त्या तुमच्या इंग्लिश गाडीचं मला म्हाईत न्हाय."

"इटलीची हाय," दीर म्हणाले.

"तेच की," तो म्हणाला आणि कप विसळायला लागला.

मिस्त्री पांढऱ्या दाढीचे, कमी बोलणारे. मी पुण्यात विचारलं तेच त्यांनाही विचारलं. ते म्हणाले, "मालकांना आणा की. हितं खुर्ची टाकतो. दीसभर बसू द्यात." झालं, माझं ठरलं. परत येताना दीर जीप चालवता चालवता फणकारले, "वहिनी, आवं, जीपवाल्याला देताय ही गाडी? पत्रा ठोकून ठोकून ट्रॉली करून दील तो." मी म्हटलं, "भाऊजी, ट्रॉली झाली तरी चालेल, तुमचे दादा उठून तिच्यात बसले पाहिजेत." जाऊबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. त्या असल्या वेळी नेहमी खिडकीबाहेर बघतात.

तोडगा मिस्त्रींनीच काढला होता. एकदम गाडी देऊ नका, एक भाग द्या, काम बघा, पसंत पडलं तर पुढचं. दिरांनाही ते पटलं. काम बिघडलं की पुणे पक्कं, असा त्यांचा हिशेब असणार. आम्ही बॉनेट द्यायचं ठरवलं, कारण गंज तिथंच जास्त दिसत होता. आतली चौकट खपल्या पडून लालभडक झाली होती. बॉनेट पिकअपमध्ये घातलं, ह्यांना जीपमध्ये पुढं बसवलं. घरातून बाहेर पडायला ह्यांनी कुरकुर केली नाही, उलट शर्टाची बटणं डाव्या हातानं स्वतः लावायला बघत होते. त्या दिवशी मला वाटलं, आता सुटलो आपण.

मिस्त्रींच्या गॅरेजमागं सिमेंटचा हौद आहे. त्यात मळी भरलेली असते. मळी म्हणजे साखर काढून झाल्यावर कारखान्यात उरतो तो काळा, दाट पाक. पाणी घालून पातळ केली आणि गंजलेलं लोखंड तिच्यात बुडवून ठेवलं, की काही दिवसांत गंज सुटतो आणि लोखंड उघडं पडतं. घासायला नको, ठोकायला नको. आमच्याकडं नांगराच्या फाळापासून पंपाच्या नळ्यांपर्यंत लोक हेच करतात. लहान मुलाला खोकल्यावर मध द्यावा, इतकी ती आमच्या अंगवळणी पडलेली गोष्ट आहे.

साखळीला बॉनेट अडकवून मिस्त्रींनी विचारलं, "मळीत सोडू नव्हं?"

"व्हय," दीर म्हणाले. "व्हय की," तात्या म्हणाले. मीही मान हलवली. गंज म्हटलं की मळी, यात विचारायचं काय?

तेवढ्यात जीपमधून ह्यांचा आवाज आला. "नको."

मी वळून बघितलं. हे दाराच्या काचेवर डावा हात आपटत होते. मी धावत गेले. "काय नको? पाणी पाहिजे का? लघवीला जायचंय?" "नको. नको. नको." चेहरा लाल झालेला, कपाळाची शीर टरारलेली. मला वाटलं, ऊन लागलं, दगदग झाली. दीर म्हणाले, "दादा दमला वहिनी, निघू या." मी ह्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले, "झालं, झालं, निघायचंच आता," आणि मागं साखळी कुरकुरत खाली गेली. ह्यांनी डोळे मिटून घेतले. घरी येईपर्यंत उघडले नाहीत.

त्यानंतरचे दिवस मला आठवायलाही नको वाटतात. जेवायला घास पुढं केला की तोंड फिरवायचे. व्यायामाची मुलगी आली तर पांघरूण डोक्यावरून ओढायचे. मध्येच मला हाक मारायचे, हाक म्हणजे नुसता आवाज, आणि मी जवळ गेले की "गाडी… नको," एवढंच. दिरांनी ते ऐकलं आणि त्यांना आयतंच सापडलं. "बघा, दादालाबी इंदापूर पसंत न्हाय. मी पुण्याला फोन करतो." मी म्हटलं, करा काय करायचं ते. माझ्यात भांडायचं त्राण उरलं नव्हतं. मला वेगळीच भीती लागली होती. ह्यांना गाडीच नको झाली असेल तर? मग मी ह्यांच्यापुढं काय धरू? जगात दुसरं काही नव्हतं, ज्यासाठी हा माणूस मान तरी वळवेल.

एका दुपारी मी मागच्या दारी धुणं वाळत घालत होते, आणि स्वयंपाकघरात भांडी कोसळल्याचा आवाज आला. आत येऊन बघते तर हे काठी टाकून ओट्याला धरून उभे. फडताळातली निम्मी भांडी जमिनीवर. त्यांनी बगलेत जर्मनचं जुनं पातेलं धरलं होतं. आम्ही ॲल्युमिनियमला जर्मनच म्हणतो. दुसऱ्या फळीवर काकवीची बरणी होती, ती डाव्या हातानं ओढत होते. मी किंचाळले, "अहो, पडाल." त्यांनी ऐकलं नाही. पातेलं ओट्यावर ठेवलं, बरणीचं झाकण दातांनी काढलं आणि अख्खी काकवी त्यात ओतली. निम्मी पातेल्यात, निम्मी ओट्यावर आणि माझ्या पायांवर.

माझा तोल सुटला. काय काय बोलले ते लिहीत नाही. तुम्हाला खायचं नसेल तर नका खाऊ, पण भरल्या घराची अशी नासाडी कशाला, माझा जीव घ्यायचाय का, असलं सगळं. हे शांतपणे माझं संपायची वाट बघत राहिले. मग पातेल्यावर बोटानं ठोकलं. "गाडी," म्हणाले. काकवीत बोट बुडवलं. "नको." परत पातेल्यावर टकटक. "गाडी."

मी ओट्याशी तशीच उभी राहिले. जर्मनच्या भांड्यात आंबट ठेवू नये, चिंचेचं सार तर अजिबात नाही, भांडं काळं पडतं आणि पुढं पुढं चाळण होते, हे माझ्या आईनं मला फ्रॉकच्या वयात शिकवलेलं. आणि मळी तर आंबलेली, वास सुद्धा आंबट.

"बॉनेट जर्मनचं आहे?" मी विचारलं.

ह्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "हां," म्हणाले. "हां. हां."

आतली चौकट लोखंडाची होती, तिचाच गंज आम्हाला दिसला. वरचा पत्रा जर्मनचा, पण त्याच्यावर ह्यांनीच कधीकाळी रंगाचे हात चढवलेले, म्हणून कुणाला ओळखू आला नाही. ह्यांना माहीत होतं. आम्ही हौदाशी उभं राहून व्हय व्हय म्हणत होतो, तेव्हा हा एकटा माणूस नको म्हणत होता, आणि मी त्याला लघवीला जायचंय का विचारत होते.

मिस्त्रींना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. दिरांना हाक मारली, ते जेवणावरून हात न धुताच उठले. ह्यांना घरी ठेवायचा विचार होता, पण हे आमच्या आधी जीपच्या दाराशी. साखर हंगाम चालू, बारामती सोडली की रस्ता उसाच्या ट्रॅक्टरांनी भरलेला. एकेकामागं दोन-दोन ट्रॉल्या, हलत डुलत, बाजू देईल तर शपथ. अंथुर्ण्याच्या पुढं एक ट्रॉली कलंडायच्या बेतात आडवी थांबलेली, तिथं आम्ही खोळंबलो. मी सारखा फोन लावत होते. दीर हॉर्नवरून हात काढत नव्हते. निमगाव केतकीला बाजार, माणूस मुंगीसारखा. मी डोकं बाहेर काढून ओरडत होते, "सरका, बाबांनो, सरका." हे पुढं ताठ बसून रस्त्याकडं बघत होते. मळीतली प्रत्येक घटका तो पत्रा खात होती, आणि हे त्यांना आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त कळत होतं.

पोचलो तेव्हा मिस्त्री नमाज पढून नुकतेच आलेले. मी जीपमधूनच सांगितलं, "बॉनेट वर काढा, ते जर्मनचं आहे." त्यांनी एक शब्द विचारला नाही. धावले, साखळी ओढली. काळं पाणी निथळत बॉनेट वर आलं.

मधला भाग रंगानं राखला होता. पण कडा, जिथं जिथं रंग उडालेला होता तिथं तिथं, काळ्याठिक्कर, हात कापेल इतक्या पातळ. एका कोपऱ्यात तर बोट आरपार जाईल अशी भोकं. मिस्त्रींनी खिशातून चुंबक काढून वरच्या पत्र्याला लावलं. ते चिकटलं नाही, टपकन खाली पडलं. मिस्त्री तिथंच हौदाशी उकिडवे बसले.

"खिशातच असतंय माझ्या," ते म्हणाले. "लावलं न्हाय. माझं चुकलं. गाडी पुण्याला न्या, मी काय म्हणणार न्हाय."

"नेणारच," दीर म्हणाले. आवाज चढलेला. "असा पत्रा आता कुठं मिळायचा? आत्ताच्या आत्ता फोन करतो." त्यांनी फोन लावला सुद्धा.

मी मध्ये उभी. माझाही संताप झाला होता, मिस्त्रींचा, दिरांचा, त्या मळीचा, सगळ्यांचा. पुण्याला ही चूक झाली नसती, हे उघड होतं. मी 'हो, करा' म्हणायला तोंड उघडलं, आणि मला हे दिसले. काठी जीपमध्येच राहिली होती. हे जीपपासून हौदापर्यंत चालत आले होते, कधी आणि कसे ते कुणी बघितलंच नाही. वाकून डाव्या हाताच्या बोटांनी ते खाल्लेली कड चाचपत होते, कुठवर पातळ, कुठून जाड. कितीतरी वर्षांपूर्वी दुकानात जळक्या मोटारीवर वाकायचे, तसे.

मी जवळ गेले. "अहो," म्हटलं, "गाडी कुणाकडं द्यायची?"

तात्यांना विचारून झालं होतं, टपरीवाल्याला विचारून झालं होतं. ह्यांना पहिल्यांदाच विचारत होतो.

"पुण्याला ना दादा?" दीर म्हणाले.

"नको."

"मग काय हितंच? मिस्त्रींकडं?"

"नको."

"मग विकायची का?"

ह्यांच्या ओठांची थरथर व्हायला लागली. दीर आणखी काही सुचवायला लागले तसं मी म्हटलं, "गप बसा भाऊजी. मीही गप बसते." आणि आम्ही थांबलो. वेळ लागला. त्यांच्या घशात शब्द वर येत होता, परत जात होता. मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले, मदत करायची नाही म्हणून पदराचं टोक मुठीत धरलं.

"मी," ते म्हणाले.

दीर ह्यांच्या उजव्या हाताकडं बघत होते. ह्यांनी तो हात डाव्या हातानं उचलला आणि बॉनेटवर ठेवला, मळीच्या राडीत. आणि परत म्हणाले, "मी."

मिस्त्री उठून उभे राहिले. "मग मालक," त्यांनी विचारलं, "मी काय करू?"

"धू."

मिस्त्री पाण्याची नळी आणायला पळाले. दिरांच्या हातातला फोन हॅलो हॅलो करत होता. ह्यांनी त्याच्याकडं बोट केलं, "नको," म्हणाले. दिरांनी फोन खिशात घातला आणि बाह्या वर सारल्या.

मग ह्यांनी माझ्याकडं बघितलं. हौदाच्या कठड्यावर तारेचा एक ब्रश होता आणि एक नारळाच्या काथ्याचा. मी तारेचा उचलला. "नको," ते माझ्यावर खेकसले, "तो." मी तारेचा ठेवला, काथ्याचा घेतला, पदर खोचला आणि त्यांच्या शेजारी बसून घासायला लागले.